शाखा अनेक, कर्म एक

संगणकावर एखादे सॉफ्टवेअर कसे टाकायचे हे सांगणारा मजकूर म्हणजे विधिवाक्यांची मालिका असते. आधी हे करा, मग ते करा, अमुक खिडकी उघडली की तमुक बटण दाबा. तेच सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तीन प्रणालींवर टाकायचे असेल तर सूचनाही तीन लिहाव्या लागतात, आणि तिथेच एक जुना तात्त्विक प्रश्न नव्याने उभा राहतो. या तीन सूचना एकाच कृतीच्या आहेत, की तीन निराळ्या कृतींच्या? कृती एकच असेल, तर सूचनांमधल्या प्रत्येक फरकाला कारण द्यावे लागते आणि विनाकारण फरक दिसला तर तो दोष ठरतो. कृती तीन असतील, तर फरकांबद्दल कोणी कोणाला जाब विचारायचे कारणच उरत नाही.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत कसून विचार यज्ञाच्या निमित्ताने झाला. जैमिनींची पूर्वमीमांसासूत्रे आणि त्यांवरील शबरस्वामींचे भाष्य हा ग्रंथ वरवर पाहता होमहवनाचा वाटतो. प्रत्यक्षात तो आज्ञावाक्य कसे वाचावे याचे शास्त्र आहे. त्याचे बारा अध्याय कर्मांचा भेद, मुख्य आणि गौण यांचे नाते, क्रम, अधिकार, एका कर्माची रीत दुसऱ्याला लागू करणे, तसे करताना होणारा बदल आणि वगळणूक अशा विषयांना वाहिलेले आहेत. सूचना लिहिणाऱ्याला पडणाऱ्या अडचणींची याहून नेमकी यादी शोधून सापडणार नाही. महाराष्ट्रात या शास्त्राची जोपासना अलीकडेपर्यंत होत राहिली. वाईच्या केवलानंदसरस्वतींचा सात खंडांचा मीमांसाकोश ही त्या परंपरेतली विसाव्या शतकातली फार मोठी कामगिरी आहे.

धाराशिव जिल्ह्यातले उमरगा या विचाराच्या अगदी जवळ आहे, अंतरानेही आणि स्वभावानेही. पुणे-हैदराबाद महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव कर्नाटकच्या सीमेला लागून आहे. पूर्वेला साधारण चाळीस किलोमीटरवर बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी किंवा कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६ ते ११२६) तिथे विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली आणि मीमांसेचे वाचननियम वारसा, दत्तक, ऋण अशा रोजच्या व्यवहाराला लावून दाखवले. उमरगा आणि कल्याण १९४८ पर्यंत निजामाच्या एकाच राज्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उमरगा मुंबई राज्यात आले, कल्याण म्हैसूर राज्यात गेले. बाजारात मराठीबरोबर कन्नड आणि दखनी कानावर पडते, आणि एकच गोष्ट दोन-तीन लिप्यांत लिहिली जाण्याची इथे सवय आहे. अशा गावात संगणकावर मराठी कसे आणायचे हा प्रश्न निघाला की उत्तर यंत्रागणिक बदलते. २००१ च्या विंडोज एक्सपीवर प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जटिल लिप्यांसमोर खूण करून मूळ सीडी घालावी लागे आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागे. नंतरच्या विंडोजमध्ये सेटिंग्जमधून मराठी ही भाषा जोडली की काम होते. लिनक्सवर टंकनाचे साधन पॅकेज म्हणून टाकावे लागू शकते, मॅकवर कीबोर्डच्या पसंतींमध्ये जावे लागते, मोबाइलवर आणखी निराळे. या सगळ्यांना ‘मराठी टाकणे’ हे एकच नाव आहे. ते नाव खरे की सोयीचे, हा इथला प्रश्न.

मीमांसेत हा वाद दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी येतो. अग्निहोत्र हा होम वेदाच्या काठकांच्या शाखेत सांगितला आहे, म्हणजे ते कर्म तिथे सांगितले आहे, तैत्तिरीयांच्या शाखेत सांगितले आहे, इतरत्रही सांगितले आहे, आणि तपशील जुळत नाहीत. पूर्वपक्ष, म्हणजे आधी मांडून मग खोडायचे मत, म्हणतो, कर्मे वेगवेगळी. नाव वेगळे आहे: एक काठक, एक कालापक. रूप वेगळे आहे: एके ठिकाणी पुरोडाश, म्हणजे यज्ञातली पिठाची भाकरी, अकरा कपालांवर म्हणजे मातीच्या खापरांवर भाजायचा, दुसरीकडे बारा. आचार वेगळे आहेत: कारीरी या इष्टीची, म्हणजे एका छोट्या यज्ञाची, वाक्ये शिकताना तैत्तिरीय जमिनीवर अन्न ठेवून जेवतात, इतर तसे करत नाहीत. शिवाय कर्म एकच असते तर ते एकदा सांगून भागले असते. पुन्हापुन्हा सांगितले याचाच अर्थ ते निराळे आहे. आणि शेवटचा, अतिशय व्यवहारी आक्षेप: सगळ्या शाखांमधले सगळे तपशील गोळा करून एक कर्म करायचे म्हटले, तर ते कोणाही माणसाच्या आवाक्यातले राहणार नाही.

हा पूर्वपक्ष कच्चा नाही. विंडोजवर सेटअपच्या फाइलवर दोनदा क्लिक करून पुढे पुढे जाणारा माणूस, मॅकवर चिन्ह उचलून अ‍ॅप्लिकेशन्सच्या फोल्डरमध्ये सोडणारा माणूस आणि लिनक्सवर एका ओळीची आज्ञा लिहिणारा माणूस शेजारी बसवले, तर ते एकच काम करत आहेत असे बघणाऱ्याला वाटणार नाही. हाताच्या हालचालींत काहीही साम्य नाही.

सिद्धान्त, म्हणजे शेवटचा निर्णय, मात्र कर्म एकच मानतो आणि त्यासाठी चार खुणा देतो: फळाशी असलेला संबंध तोच, कर्माचे रूप म्हणजे द्रव्य आणि देवता तीच, आज्ञेचा धातू तोच, नाव तेच. मग तो एकेक आक्षेप सोडवत जातो. काठक हे नाव ग्रंथाचे आहे, कर्माचे नव्हे. जमिनीवर जेवणे हा अध्ययनाचा नियम आहे, यज्ञाचा नव्हे. पुनरुक्तीही दोष नाही, कारण प्रत्येक शाखेचा शिकणारा वेगळा आहे; ज्याने एक ऐकली त्याने दुसरी ऐकलेली नसते. कपालांची संख्या हा एकाच कर्मातला पर्याय. या निर्णयाला पुढे सर्वशाखाप्रत्ययन्याय म्हणू लागले, आणि वेदान्त्यांनी तोच उपासनांना लावला.

यातला सर्वांत उपयोगी भेद ग्रंथाचे नाव आणि कर्माचे नाव यांतला आहे. ‘विंडोजची मार्गदर्शिका’ हे मजकुराचे नाव. त्यामुळे ‘विंडोजचे मराठी’ नावाची वेगळी वस्तू निर्माण होत नाही. टर्मिनल कसे उघडावे, उतरवलेली फाइल कुठे सापडेल, दाबून बांधलेली फाइल कशी सोडावी, हे बहुतेक वेळा सूचनेपर्यंत पोहोचण्याचे नियम असतात, जमिनीवर जेवण्यासारखे. ते मुख्य कृतीत मिसळले की तिन्ही मार्गदर्शिका उगाच परक्या दिसू लागतात.

चार खुणांपैकी रूपाची खूण मराठीत फार जपून वापरावी लागते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र घ्या. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्टसह जे दाबल्यास ऱ मिळतो, डी दाबल्यास हलन्त, आणि मग य. काही उच्चाराधारित साधने हेच अक्षर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे सांधणारे चिन्ह अशा क्रमाने साठवतात. युनिकोडमध्ये दोन्ही चालतात. दुसरी रीत जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली आहे. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. पण एका यंत्रावर लिहिलेल्या यादीत दुसऱ्या यंत्रावरून तोच शब्द शोधला तर तो न सापडण्याची शक्यता असते, कारण आत साठवलेली अक्षरमाळ वेगळी आहे. डोळ्यांना दिसते ते एक, पण द्रव्य भिन्न. दोन्ही प्रणालींवर ‘मराठी उमटले’ एवढ्यावर थांबणारी सूचना म्हणून एककर्मत्वाच्या कसोटीला उतरत नाही. साठवलेले मराठी एक आहे का, इथपर्यंत ती पोहोचली पाहिजे.

कर्म एक ठरले की पुढचा प्रश्न येतो: मग सारखे काय ठेवायचे आणि वेगळे काय? मीमांसेचे उत्तर प्रकृती आणि विकृती या जोडीत आहे. दर्शपूर्णमास या इष्टीची सगळी अंगे सविस्तर सांगितली आहेत, ती प्रकृती. इतर इष्टींमध्ये फक्त जे निराळे तेवढे सांगितले आहे, बाकीचे प्रकृतीवरून घ्यायचे. या घेण्याला अतिदेश म्हणतात. अतिदेश डोळे मिटून होत नाही. प्रकृतीत जो मंत्र अग्नीच्या नावाने म्हटला जातो, तो सूर्याच्या इष्टीत सूर्याच्या नावाने म्हटला पाहिजे. या बदलाचे नाव ऊह. अग्नीचेच नाव ठेवणारा माणूस मूळ मजकुराशी प्रामाणिक राहिला असे मीमांसक म्हणत नाहीत. त्याचे कर्म बिघडले असे म्हणतात. विंडोजच्या सूचनेतला उलट्या तिरप्या रेघांचा मार्ग लिनक्सच्या सूचनेत जसाच्या तसा उतरवणे, किंवा जिथे लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत भेद केला जातो तिथे फाइलचे नाव बेफिकीरपणे लिहिणे, हे ऊह चुकल्याचे दाखले आहेत. शब्द सारखे राहिले आणि सूचना मोडली.

ऊहाच्या पुढची पायरी बाध. प्रकृतीत भात कांडायचा असतो, कारण तूस काढायचे असते. एका विकृतीत भाताच्या जागी कृष्णल, म्हणजे सोन्याचे गुंजेएवढे मणी तुपात शिजवायचे असतात. सोन्याला तूस नसते. म्हणून तिथे कांडणे गळते. ते विसरले म्हणून गळत नाही, त्याचे प्रयोजनच उरले नाही म्हणून गळते. इथे मीमांसेची एक शिस्त दिसते, जिचा अभाव संगणकाच्या सूचनांमध्ये पदोपदी जाणवतो: प्रत्येक अंगाचे दृष्ट, म्हणजे दिसणारे, प्रयोजन आधी शोधायचे, ते मिळालेच नाही तर शेवटी अदृष्ट मानायचे. सीडी घालण्याची पायरी एक्सपीवर दृष्टार्थ होती, कारण देवनागरीच्या फाइली त्या सीडीवर होत्या. नव्या विंडोजमध्ये त्या आधीपासूनच असतात, म्हणून ती पायरी गळली पाहिजे. पायरीचे कारण लिहून ठेवले नसले तर ती कोणी काढत नाही. ती अदृष्टार्थ होऊन बसते, आणि माणसे पुढची अनेक वर्षे संगणक तीन वेळा बंद-चालू करत राहतात. सूचनेतल्या प्रत्येक पायरीपाशी तिचे कारण एका वाक्यात नोंदवणे हे वाचकाचे लाड पुरवणे नाही. दुसऱ्या प्रणालीवर ती पायरी ठेवायची, बदलायची की गाळायची, हे ठरवायला तेवढाच आधार असतो.

क्रमाबद्दल मीमांसेत सहा प्रमाणे आहेत. त्यांतले एकच इथे पुरे. मजकुरात होम आधी आणि यवागू म्हणजे पेज शिजवणे नंतर आले आहे. पण होम पेजेनेच करायचा असल्यामुळे शिजवणे आधी होते. अर्थाचा क्रम पाठाच्या क्रमाला हरवतो. तिन्ही प्रणालींच्या पायऱ्या समोरासमोर आणून क्रमांक जुळवण्याचा हट्ट जिथे धरला जातो, तिथे पेज शिजण्याआधी होम होतो.

दोन सूचना खरोखरच परस्परविरुद्ध असल्या तर काय? पुरोडाशासाठी एकीकडे तांदूळ, एकीकडे जव. मीमांसा विकल्प मान्य करते, पण मोठ्या नाखुशीने, आणि विकल्पाचे आठ दोष मोजून दाखवते. तांदूळ घेतले की जवाच्या वाक्याचे मानलेले प्रामाण्य सोडावे लागते आणि न मानलेले अप्रामाण्य मानावे लागते. पुढच्या खेपेला जव घेतले की सोडलेले परत धरावे लागते आणि मानलेले परत सोडावे लागते. असे चार, आणि तांदळाच्या बाजूने तेच चार. म्हणून शक्य तिथे विकल्पाची व्यवस्था लावायची: सूर्योदयानंतर होम या शाखेसाठी, सूर्योदयापूर्वी त्या शाखेसाठी. ‘हे किंवा ते करून पाहा’ अशी सूचना वाचकाच्या माथी आठही दोष मारते. ‘या आवृत्तीवर हे, त्या आवृत्तीवर ते’ असे सांगितले की दोष उरत नाही.

मात्र व्यवस्था लावण्याला मर्यादा न घातल्यास शाखाच मूळ वचन गिळून टाकतात, आणि त्याचा धडा कल्याणीच्या परंपरेतच आहे. वसिष्ठांच्या धर्मसूत्रात पतीच्या अनुमतीवाचून स्त्रीने मूल दत्तक देऊ-घेऊ नये, अशा आशयाचे एक वचन आहे. मिताक्षरेला प्रमाण मानणाऱ्या प्रदेशांनीसुद्धा त्याचे वेगवेगळे अर्थ लावले. मिथिलेत पती हयात नाही म्हणजे अनुमती नाही, म्हणून विधवेला दत्तक घेता येत नाही, असे ठरले. बनारसकडे पतीने जिवंतपणी दिलेली अनुमती पुरते, असे ठरले. मिताक्षरेऐवजी दायभाग हा ग्रंथ मानणाऱ्या बंगालनेही तेच धरले. द्रविड देशात सपिंडांची, म्हणजे पतीच्या जवळच्या नातेवाइकांची, संमती चालते, असे ठरले. महाराष्ट्रात मयूख आणि कौस्तुभ या ग्रंथांच्या आधाराने, वचन फक्त पती हयात असतानाचे आहे, विधवेला वेगळी अनुमती नको, असे ठरले. यांतला कौस्तुभ लिहिणारे अनंतदेव हे मीमांसान्यायप्रकाश लिहिणाऱ्या आपदेवांचे पुत्र, आणि हे घराणे पैठणच्या एकनाथांचे मानले जाते. मद्रासकडच्या एका खटल्यात १८६८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायासनाने, हे चार अर्थ शेजारी मांडले. एका वाक्यातून चार कायदे निघाले होते, आणि प्रत्येकाला आपण मूळ वचनच पाळतो आहोत असे वाटत होते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने ते चारही बाजूला सारून एकच नियम केला. सूचनांच्या बाबतीतही हीच घसरण होते. प्रत्येक प्रणालीचा जाणकार आपापली प्रत सुधारत जातो, मूळ प्रतीकडे कोणी पाहत नाही, आणि काही वर्षांनी सगळे नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

त्यावरचा उपाय अकराव्या अध्यायातल्या तंत्रात सापडतो. अनेक प्रधान कर्मांना लागणारे अंग एकदाच करायचे, ते सगळ्यांच्या उपयोगी पडते, हे तंत्र. ज्याची आवृत्ती प्रत्येकासाठी वेगळी करावी लागते तो आवाप. सूचनांमध्ये सामाईक भाग एकाच ठिकाणी लिहून तिन्हीकडे तोच दाखवणे म्हणजे तंत्र. भारतीय लिप्यांच्या इतिहासात हे तत्त्व फार सुंदर रीतीने उतरले आहे. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेल्या इन्स्क्रिप्टमध्ये क देवनागरीत ज्या कळीवर आहे त्याच कळीवर कन्नडमध्येही आहे. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय प्रमाणात, म्हणजे इस्कीमध्ये, भारतातल्या प्रमुख ब्राह्मीजन्य लिप्यांना मिळून एकच संकेतमाला होती आणि लिपी कोणती ते वेगळ्या खुणेने सांगायचे होते. युनिकोडने लिप्यांना स्वतंत्र खंड दिले, पण मांडणी समांतर ठेवली. शून्यापासून मोजत गेल्यास देवनागरी खंडातही क एकविसाव्या जागी येतो आणि कन्नड खंडातही. उमरग्यात इन्स्क्रिप्टवर मराठी टंकन शिकलेल्याला बसवकल्याणला कन्नड टंकायचे झाले, तर बोटांना नवे फारसे काही शिकावे लागत नाही. लिपी तेवढी बदलायची. वर्णमाला ही प्रकृती, लिप्या विकृती.

यज्ञ आणि यंत्र यांच्यात एक फरक आहे आणि तो झाकून चालणार नाही. मीमांसकाच्या दृष्टीने वेद अपौरुषेय आहे. त्यात दुरुस्ती करता येत नाही, म्हणून विरोध अर्थ लावूनच मिटवावा लागतो. सॉफ्टवेअरच्या सूचना माणसांनी लिहिलेल्या असतात. त्यांची जात स्मृतीची, आणि स्मृती श्रुतीच्या विरुद्ध गेली तर ती सोडावी हे जैमिनींनीच सांगून ठेवले आहे. इथली श्रुती म्हणजे यंत्राचे प्रत्यक्ष वागणे. मार्गदर्शिकेत लिहिलेले बटण पडद्यावर नसेल, तर पडद्याचा अर्थ ओढूनताणून लावण्यात काही हशील नाही, मजकूर बदलायचा. म्हणून सूचना सुसंगत ठेवणे हे एकदा करून संपणारे काम नाही. प्रणालीची नवी आवृत्ती आली की तिन्ही प्रती पुन्हा यंत्रासमोर बसून तपासाव्या लागतात, आणि ज्या प्रणालीचे वापरकर्ते थोडे, तिची प्रत सर्वांत आधी शिळी होते.

इथून विचार अधिकाराकडे वळतो. कर्म कोणी करावे, हा सहाव्या अध्यायाचा विषय, आणि त्यात मीमांसेची थोरवी आणि तिचे पाप दोन्ही आहेत. निर्धनाला अधिकार आहे, असे जैमिनी म्हणतात, कारण धन आज नसले तरी मिळवता येते. व्यंग बरे होण्यासारखे असेल तर त्या माणसालाही अधिकार आहे. शूद्राला मात्र त्यांनी तो नाकारला. सर्वांना अधिकार आहे, असे मत बादरींनी मांडले होते. ते सूत्रांतच नोंदलेले आहे आणि तिथेच खोडलेले आहे. बाराव्या शतकात त्याच कल्याणात बसवेश्वर आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, जन्मावरून ठरणारा अधिकार धुडकावला आणि धर्माची भाषा लोकांच्या कन्नडमध्ये आणली. बादरींचे खोडलेले मत विज्ञानेश्वरांच्या गावात, त्यांच्यानंतर काही दशकांतच, माणसांनी जगून दाखवले.

सूचनांमधला अधिकार जातीवर ठरत नाही, तरी तो ठरवला जातोच: अमुक आवृत्ती हवी, एवढी मेमरी हवी, प्रशासकाचा पासवर्ड हवा, इंग्रजी वाचता यायला हवे. यातले काही खरोखर अटळ असते, काही लिहिणाऱ्याच्या यंत्राची केवळ सावली असते. या ठिकाणी मीमांसेचा आणखी एक भेद नेमका लागू पडतो. काम्य कर्म, म्हणजे फळाच्या इच्छेने करायचे कर्म, सर्व अंगांसह जमत असेल तरच करावे. नित्य कर्म टाळता येत नाही, म्हणून ते जमेल तेवढ्या अंगांनी केले तरी ग्राह्य; तांदूळ मिळाले नाहीत तर रानटी नीवार धान्य घेऊन ते पुरे करावे. चित्रे रंगवण्याचे सॉफ्टवेअर काम्य मानता येईल. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने ज्या राज्यात मराठीला राजभाषा केले, तिथे अर्ज, दाखला आणि तक्रार मराठीत लिहिता येणे हे उमरग्यातल्या माणसासाठी नित्य आहे. विंडोज एक्सपीचा अधिकृत आधार २०१४ मध्ये संपला आणि विंडोज ७ चा २०२० मध्ये. त्यांच्यावर मराठी टाकण्याच्या सूचना मात्र अशी जुनी यंत्रे कामात असेपर्यंत मुख्य प्रतीशेजारी ठेवाव्या लागतात, आणि त्यांत कोणते अंग मिळणार नाही व त्याच्या जागी काय चालेल, हेही लिहावे लागते.